काचपेटीतील पिल्ले

शाळेच्या कुंपणावर बसलेला सरडा तुम्ही अनेकदा पाहिला असेल. कोणी जवळ गेले, की तो मान वरखाली करतो आणि सुर्रकन झुडपात पळून जातो. हा झाला बागेतला सरडा. त्याचा एक लांबचा भाऊबंद आपल्याकडे झाडाझुडपांत राहतो. त्याचे नाव घोयरा सरडा. इंग्रजीत त्याला कॅमेलिअन म्हणतात.

घोयरा पळत नाही. तो एक पाऊल पुढे टाकतो, अंगाला हलकासा झोका देतो, मग दुसरे पाऊल टाकतो. पाहणाऱ्याला वाटते, वाऱ्याने पानच हलले. त्याच्या पायांची बोटे दोन बाजूंना जुळलेली असतात, त्यामुळे तो फांदीला चिमट्यासारखा धरतो. त्याची शेपटी फांदीला विळखा घालते. त्याचे डोळे तर सर्वांत नवलाचे! एक डोळा पुढे पाहत असतो, तेव्हा दुसरा मागे पाहू शकतो. आणि जीभ? ती शरीराहूनही लांब असते. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ती किडा पकडून परत तोंडात येते.

असा प्राणी रस्त्यावर दिसला, की काही लोक घाबरतात. तो विषारी आहे असे समजून ते त्याला दगड मारतात. खरे म्हणजे घोयरा मुळीच विषारी नाही. मग झाडावर राहणारा हा प्राणी जमिनीवर कशासाठी उतरतो? याचे उत्तर त्याच्या पिल्लांच्या गोष्टीत दडलेले आहे. पण रानात ही पिल्ले शोधणे फार अवघड. ज्यांनी ती रोज डोळ्यांसमोर वाढताना पाहिली, त्यांच्याकडे आपल्याला जावे लागेल. चला तर, दूरच्या एका गावी जाऊ.

जर्मनी देशात नेकार नावाची नदी आहे. तिच्या काठी हायडेलबर्ग हे जुने शहर वसले आहे. डोंगराच्या उतारावर तांबड्या दगडांचा पडका किल्ला, खाली नदीवर दगडी पूल आणि १३८६ साली स्थापन झालेले विद्यापीठ, अशी या शहराची ओळख आहे. या विद्यापीठातील प्राध्यापक गुंथर सोन्थायमर महाराष्ट्रात येत. आपल्या धनगरांबरोबर ते माळरानांवर हिंडले. खंडोबाच्या परंपरेचा त्यांनी अभ्यास केला. त्यांनी आपले माळ पाहिले. आज आपण त्यांचे गाव पाहू.

हायडेलबर्गमध्ये १९३४ साली सुरू झालेले प्राणिसंग्रहालय आहे. मात्र आपण ज्या पिल्लांची माहिती घेणार आहोत, ती बहुधा लोकांच्या घरात वाढतात. जर्मनीत सरडे, बेडूक, कासवे काचपेटीत पाळण्याचा छंद जुना आहे. असे छंद असणाऱ्यांची आणि अभ्यासकांची तेथे १९६४ पासून एक मोठी संस्थाही आहे. हायडेलबर्गसारख्या शहरातील एखाद्या घरात कॅमेलिअनची पिल्ले कशी वाढवतात, ते पाहू.

आपण जानेवारी महिन्यात आलो आहोत असे समजा. बाहेर हाडे गोठवणारी थंडी आहे. झाडांना पाने नाहीत. नदीवर धुके आहे. पण घराच्या एका कोपऱ्यात उंच काचपेटी आहे आणि तिच्या आत उन्हाळा आहे! पेटीत हिरवी झाडे आहेत, आडव्यातिडव्या फांद्या आहेत. हवा खेळती राहावी म्हणून वरच्या आणि एका बाजूला जाळी लावली आहे. वर दिवे आहेत. दिव्याखालच्या फांदीवर एक मोठा हिरवा कॅमेलिअन अंग शेकत बसला आहे. त्याच्या डोक्यावर उंच टोपासारखा तुरा आहे.

हा मूळचा येमेन देशाचा आणि त्याला लागून असलेल्या सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागाचा रहिवासी. म्हणून जर्मन लोक त्याला येमेनचा कॅमेलिअन म्हणतात. आपला घोयरा आणि तो एकाच कुळातले. तेथे डोंगरउतारांवर आणि दऱ्याखोऱ्यांत तो झुडपांवर राहतो. दिवसा ऊन तापते, रात्री गारवा येतो, पहाटे पानांवर दव पडते. हे सगळे काचपेटीत आणायचे, म्हणजे सोपे काम नाही. थर्मामीटर पाहून दिवे लावावे लागतात. रात्री ते बंद करावे लागतात, कारण या प्राण्याला रात्रीचा अंधार आणि गारवाही हवा असतो.

शेजारच्या दुसऱ्या पेटीत मादी आहे. नर आणि मादी एकाच पेटीत का ठेवत नाहीत? कारण हे प्राणी एकटे राहणारे आहेत. वर्षातले थोडे दिवस सोडले, तर त्यांना दुसऱ्या कॅमेलिअनचे दर्शनही नको असते. मादीच्या पोटात अंडी वाढू लागली, की तिचा रंग बदलतो. हिरव्या अंगावर गडद पट्टे आणि पिवळे, निळसर ठिपके उमटतात. नर समोर आला, तर ती तोंड उघडून फुत्कारते. जणू ती रंगानेच सांगते, "दूर राहा, मला एकटीला राहू दे."

तीनचार आठवडे गेले, की मादी अस्वस्थ होते. ती खाणे कमी करते. जी कधी फांदी सोडत नाही, ती आता सारखी खाली उतरते आणि पेटीच्या तळाशी काहीतरी शोधते. ती शोधते माती! तिला अंडी घालण्यासाठी बीळ खणायचे असते. म्हणून पाळणारा माणूस ओलसर वाळू आणि माती यांनी भरलेले खोल भांडे आधीच ठेवतो. मादी पुढच्या पायांनी खणते आणि मागच्या पायांनी माती बाहेर लोटते. कधी कधी या कामात तिचा पूर्ण दिवस जातो. खणताना कोणी पाहत असेल, तर ती काम अर्धे टाकून देते. म्हणून घरातले लोक पेटीसमोर कापड लावतात.

हे मातीचे भांडे नसेल तर काय होईल? मादी अंडी घालणार नाही. ती पोटातच अडकून राहतील आणि मादी मरेल. कॅमेलिअन पाळण्याच्या सुरुवातीच्या काळात ही गोष्ट लोकांच्या ध्यानात आली नव्हती. अन्न, पाणी, ऊब सगळे असूनही त्यांच्या माद्या दगावत. आता तुम्हीच पाहा, एका घमेलेभर मातीचे मोल केवढे!

बिळात मादी वीस-तीस, कधी पन्नासाहूनही अधिक अंडी घालते. ती पांढरी आणि लांबट असतात. त्यांचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे कडक नसते, चामड्यासारखे मऊ असते. मग मादी बीळ बुजवते, वरची माती सारखी करते आणि थकलेल्या पावलांनी झाडावर चढते. ती पुन्हा मागे वळून पाहत नाही. कॅमेलिअनची आई पिल्लांना ना भरवते, ना सांभाळते. तिने निवडलेली सुरक्षित जागा हीच तिची माया.

आता माणसाचे काम सुरू होते. तो अंडी हलक्या हाताने उकरून काढतो. प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला तो पेन्सिलीने बारीक खूण करतो. असे का, हे तुम्ही सांगू शकाल? कोंबडी अंड्यांवर बसते, तेव्हा ती चोचीने अंडी उलटीसुलटी करत असते. कॅमेलिअनच्या अंड्याचे उलट आहे. त्यातला कोवळा जीव आतल्या बाजूने एका जागी चिकटलेला असतो. अंडे उलटले, तर तो दगावू शकतो. म्हणून जी बाजू वर होती, तीच वर ठेवायची. पेन्सिलीची ती खूण शेवटपर्यंत वरच राहिली पाहिजे.

ही अंडी डब्यात ओलसर वाळूवर किंवा पाणी धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजाच्या दाण्यांवर ठेवतात. डब्यात साधारण २६ ते २८ अंश सेल्सिअस तापमान राखतात. ओल फार झाली, तर अंड्यांना बुरशी येते. कमी झाली, तर ती चेपतात. या दोन्हींच्या मधला मार्ग दररोज सांभाळायचा. किती दिवस? कोंबडीचे पिल्लू एकवीस दिवसांत बाहेर येते. येमेनच्या कॅमेलिअनच्या पिल्लाला सहा ते नऊ महिने लागतात! आपल्याकडे दिवाळीत घातलेल्या अंड्यांतून पिल्ले निघायला उन्हाळा किंवा पावसाळा उजाडावा, तसे हे झाले. या सगळ्या काळात बाहेरून काहीच दिसत नाही. अंडी ओल शोषून हळूहळू फुगतात, एवढेच. धीर धरण्याचा याहून चांगला धडा कोणता?

मग एके दिवशी अंड्यांवर घाम आल्यासारखे थेंब दिसतात. पिल्लाच्या नाकाच्या टोकाशी एक इवलासा अंडदात असतो. तो फक्त कवच कापण्यासाठी; पुढे तो गळून पडतो. कवचाला चीर पडते आणि एक छोटे नाक बाहेर येते. त्यानंतर पिल्लू तासन्तास तसेच बसून राहते. पाहणाऱ्याला वाटते, ते अडकले. त्याला ओढून बाहेर काढावे, असा मोह होतो. पण हात लावायचा नाही! पिल्लाच्या पोटाशी अजून पिवळा बलक असतो. तो पोटात जिरेपर्यंत ते थांबलेले असते. घाईने ओढले, तर ती मदत न ठरता इजा ठरते.

बाहेर आलेले पिल्लू शेपटीसह पाच ते सात सेंटिमीटर लांब असते. तुमच्या बोटाएवढे म्हणा ना! ते फिकट हिरवे असते. आल्या आल्या ते जवळच्या काडीवर चढते, बोटांच्या चिमट्याने ती धरते आणि डोळे गरगरा फिरवू लागते. त्याला कोणी शिकवलेले नसते. नर कोणता आणि मादी कोणती, हेही पहिल्याच दिवशी ओळखता येते. नराच्या मागच्या पायाच्या टाचेवर एक बारीक उंचवटा असतो. मादीला तो नसतो.

एक-दोन दिवसांत पिल्लाला भूक लागते. आता त्याला काय द्यायचे? मोठा नाकतोडा दिला, तर तो गिळता येणार नाही. म्हणून पाळणाऱ्यांचा एक साधा नियम आहे. पिल्लाच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढे अंतर, त्याहून किडा मोठा नको. पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या बारीक माश्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांतल्या उडता न येणाऱ्या जातीच्या माश्या हे लोक बरण्यांत वाढवतात. नुकतेच जन्मलेले रातकिडेही देतात. तीस पिल्लांना रोज शेकडो किडे लागतात. म्हणजे पिल्ले पाळायची, तर आधी किडे पाळायचे! त्या किड्यांनाही भाजीपाला आणि गाजर खाऊ घालावे लागते. कारण किड्याने जे खाल्ले, तेच पुढे पिल्लाच्या अंगी लागते.

पाणी वाटीत ठेवले, तर पिल्लू त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याच्यासाठी पाणी म्हणजे पानावरचा चमकणारा थेंब. म्हणून सकाळी पानांवर बारीक फवारा मारतात. पिल्ले पानापानांवरून फिरत थेंब टिपतात. मात्र पेटी सारखी ओली ठेवूनही चालत नाही. मधल्या वेळात ती सुकली पाहिजे, नाही तर पिल्ले आजारी पडतात.

आता दिव्याचे गुपित ऐका. काचपेटीवर दोन प्रकारचे दिवे असतात. एक उजेड आणि ऊब देतो. दुसऱ्या दिव्यातून आपल्याला न दिसणारे अतिनील किरण निघतात. सूर्यप्रकाशातही हे किरण असतात. ते अंगावर पडले, की शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्यामुळे अन्नातला कॅल्शिअम हाडांना मिळतो. हे किरण मिळाले नाहीत, तर वाढत्या पिल्लाची हाडे मऊ राहतात. पाय वाकतात, फांदी धरता येत नाही. मग पेटी खिडकीतल्या उन्हात ठेवली तर? तरीही उपयोग नाही! खिडकीची काच नेमके हेच किरण अडवते. म्हणून दिवा आणि किड्यांवर भुरभुरलेली कॅल्शिअमची पूड, दोन्ही लागतात. ऊन आणि हाडे यांचे हे नाते तुमच्या-आमच्या शरीरातही असेच आहे.

काही आठवडे पिल्ले एकत्र राहतात. पण बारकाईने पाहणाऱ्याला एक गोष्ट दिसते. एखादे पिल्लू कोपऱ्यात काळपट पडून बसलेले असते. त्याला रोग झालेला नसतो. दांडग्या भावंडांच्या धाकाने ते खायला पुढेच येत नाही. कॅमेलिअन आजूबाजूच्या रंगात लपण्यासाठीच रंग बदलतो, असे पुष्कळांना वाटते. ते पूर्ण खरे नाही. राग, भीती, थंडी, आजार हे सारे तो रंगांतून सांगतो. त्याच्या कातडीत अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी असते. या स्फटिकांमधील अंतर कमी-जास्त झाले, की अंगाचा रंग बदलतो. हे स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथील शास्त्रज्ञांनी २०१५ साली दाखवून दिले.

म्हणून ज्याला पिल्ले वाढवायची, त्याला रंग वाचता आले पाहिजेत. काळपट पिल्लाला तो वेगळ्या पेटीत ठेवतो. दोन पेट्यांच्या मध्ये पुठ्ठा लावतो, म्हणजे पिल्ले एकमेकांना दिसत नाहीत. काचेत स्वतःचे प्रतिबिंब दिसले, तरी पिल्लू घाबरते. म्हणून तेथेही पाने लावतो. एकटेपणा मिळताच त्या पिल्लाचा रंग उजळतो आणि ते किडे टिपू लागते. बोलता न येणाऱ्या जिवाचे म्हणणे असे समजून घ्यावे लागते. आणि हो, या पिल्लांना हातात घेऊन कुरवाळायचे नसते. कुत्र्याच्या पिल्लाला ते आवडते, याला त्याची भीती वाटते. त्याच्यावर प्रेम करायचे, ते दुरूनच.

चांगला पाळणारा रोज वही लिहितो. आज किती अंश तापमान होते? कोणत्या पिल्लाने किती खाल्ले? कोणाचे वजन वाढले, कोणाचे घटले? इतके करूनही काही पिल्ले मरतातच. कोणती चूक झाली, ते वहीमुळे कळते आणि पुढच्या वेळी ती टळते. अशा अनेक वह्यांमधून हे सारे ज्ञान जमले आहे. सहा महिन्यांच्या आत पिल्लू जवळजवळ वयात येते आणि त्याला स्वतःची मोठी पेटी लागते.

या छंदाला नियमांचे कुंपणही आहे. रानातले प्राणी पकडून देशोदेशी विकले जाऊ लागले, तर राने ओस पडतील. म्हणून १९७३ साली अनेक देशांनी मिळून एक करार केला. त्या करारानुसार अशा कॅमेलिअनांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. कंटाळा आला म्हणून पाळलेला प्राणी बाहेर सोडून देणे, हेही मोठे चुकीचे आहे. हायडेलबर्गच्या थंडीत तो मरेल. उबदार देशात तो जगेल, पण तेथील जिवांना उपद्रव देईल. हवाई बेटांवर १९७२ साली आफ्रिकेतले काही कॅमेलिअन असेच मोकळे झाले. त्यांची संख्या वाढली आणि ते तेथले दुर्मिळ किडे आणि गोगलगाई खाऊ लागले.

आता आपण आपल्या गावी परत येऊ. पावसाळा सरत आला आहे. जमीन अजून मऊ आहे. बाभळीवरून एक घोयरा खाली उतरला आहे आणि डुलत डुलत रस्ता ओलांडतो आहे. कोणीतरी दगड उचलतो. पण तुम्हाला आता ठाऊक आहे. ती कदाचित मादी असेल. तिच्या पोटात अंडी असतील. हायडेलबर्गच्या काचपेटीतली मादी जे शोधत होती, तेच हीसुद्धा शोधत असेल: थोडीशी मऊ माती. पेटीतल्या मादीसाठी कोणीतरी भांडे भरून ठेवले होते. हिला मात्र वाहनांमधून आणि दगडांमधून वाट काढत स्वतःच जायचे आहे.

अशा वेळी काय कराल? दगड उचलणाऱ्याला थांबवा. तो विषारी नाही, हे समजावून सांगा. वाहने येत असतील, तर मोठ्या माणसांना बोलवा. एक लांब काठी पुढे केली, की घोयरा आपणहून तिला धरतो. मग मोठी माणसे त्याला तो ज्या बाजूला निघाला होता, त्या बाजूच्या झुडपाशी सोडू शकतात. तो जखमी असेल, तर वनविभागाला कळवा. त्याला घरी मात्र आणू नका. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोयऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याला पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे.

आणि आपल्याला पाळायची गरजच काय? हायडेलबर्गच्या माणसाला दिवे, थर्मामीटर, फवारा आणि किड्यांच्या बरण्या लागल्या. तेव्हा कुठे त्याच्या पेटीत पिल्ले जगली. आपल्या बांधावरच्या बाभळीत ऊन आहे, दव आहे, किडे आहेत आणि खाली माती आहे. घोयऱ्याच्या पिल्लांना हवे ते सारे तेथे आधीच मांडून ठेवलेले आहे. ते झुडूप तेवढे तोडू नका, पेटवू नका. एखाद्या सकाळी त्याच्यापाशी गुपचूप उभे राहा. पाने नीट पाहा. कदाचित त्यांतले एक पान तुमच्याकडे एका डोळ्याने पाहत असेल!